होळीला बूड फाटतं, आषाढात कडं उघडतं: जोडकामाच्या भांड्याचं एकच दुखणं

लाकडाचे तुकडे जोडून कडी केली, कड्यावर कडं चढवून लेथवर भांडं कातलं, घासलं, चपडा (लाखेचं पॉलिश) मारला. चार महिने भांडं ठणठणीत. मग होळीच्या सुमारास एके सकाळी बुडाच्या चकतीला लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे धाग्याच्या, दिशेनं केसाएवढी चीर दिसते. आठवड्याभरात तीत नख जातं. आपण चिरेत गोंद आणि भुसा दाबून भरतो, घासतो, परत पॉलिश करतो. आषाढ लागतो. आता चकती शाबूत, पण तिच्याभोवतीचं खालचं कडं समोरासमोरच्या दोन सांध्यांवर उघडलेलं. परत गोंद. पुढच्या होळीला परत चकती.

हे ज्यांचं दोनदा झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. ज्यांची कडी मुळात जुळतच नाहीत, त्यांचं दुखणं वेगळं आहे, पण तेही पुढे घेतलंय, कारण माझ्याकडे दोन्ही होती आणि कुठलं कुठलं ते कळायला मला तीन पावसाळे लागले.

मी बेळगावकडच्या खानापूरचा. घरामागच्या पडवीत एक जुनी लेथ आहे, बेळगावच्या उद्यमबागेतून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतून, भंगाराच्या भावात आणलेली. दिवसा नोकरी, संध्याकाळी भुसा. सुरुवातीला सगळा राग गोंदावर काढला. एक बदलला, दुसरा आणला, तिसरा पाण्याला दाद न देणारा महागातला आणला. भांडी फुटायची तशीच फुटत राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी. अथणीला दिलेल्या बहिणीचा दर होळीला ठरलेला फोन यायचा. "अण्णा, तुझं भांडं परत फुटलं बघ. मी काय केलो नाही हां, नुसतं कपाटावर ठेवलोतो."

शेवटी वही काढली. कुठलं भांडं कुठल्या महिन्यात जोडलं, कुठे गेलं, काय झालं. अकरा भांडी. अथणीला गेलेली चारही मोठी भांडी जुलै ते सप्टेंबरात जोडलेली, आणि चारही बुडाशी चिरलेली. खानापुरात राहिलेल्यांपैकी जी दोन एप्रिल-मे मध्ये केली होती, ती पावसाळ्यात कड्याला उघडली. बाकीच्यांना काही नाही. पण वहीत एक ओळ मला बरेच दिवस टोचत राहिली. अथणीच्याच घरात एक कुंकवाचा लहान डबा होता, तोही श्रावणात केलेला, तोच गोंद, तेच सागवान. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. त्याचं बूड होतं जेमतेम 60 मिलिमीटर.

खानापूर आणि अथणी एकाच जिल्ह्यात आहेत हे नकाशावाल्यांनी सांगायचं. खानापूर सह्याद्रीला टेकलेलं. वर कणकुंबीला मलप्रभा उगवते, तिथला पाऊस इथं अंगणात येतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि चपलांना बुरशी येते. अथणी डोंगराच्या पडछायेत, कृष्णाकाठची पट्टी सोडली तर कोरडं. मार्चमध्ये तिथं ओठ फुटतात. लाकडालाही तेच होतं. हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या घरात राहिली तर लाकूड हवेतलं पाणी ओढत ओढत साधारण 15-16 टक्के ओलाव्यावर जाऊन थांबतं. आर्द्रता 40 टक्के असेल तर ते 7-8 टक्क्यांवर येतं. दुकानदारानं कितीही "पक्का वाळलेला माल" म्हणून दिलेला असो, पॉलिश कितीही चढवलेलं असो. पॉलिशनं हा प्रवास सावकाश होतो, थांबत नाही.

मग बेळगावातल्या अनगोळच्या मामांकडे गेलो. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. उद्यमबागेत फाउंड्रीला लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करून देण्यात त्यांचा जन्म गेला. बेळगावात ओतकामाचे कारखाने एवढे, की लाकडात मिलिमीटरचा दशांश बघणारी माणसं इथं पूर्वीपासून आहेत, आणि आपण शौकीन लोक मात्र परदेशातले व्हिडिओ बघत बसतो. मोठं चाक, पुली, पंपाची कवच यांचे पॅटर्न ते एका फळीतून कधीच कापत नसत. चापाचे तुकडे जोडून कडं, त्यावर सांधे चुकवून दुसरं कडं, मग लेथवर घ्यायचं. म्हणजे आपण ज्याला नवी कला समजून शिकतोय, ते त्यांचं रोजचं काम होतं.

मामांनी फुटकं भांडं पालथं केलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "गोंदाला कशाला शिव्या घालूलालास? बूड अख्ख्या फळीचं घातलास की नाही?"

घातलं होतं. 150 मिलिमीटरची एकसंध सागवानी चकती, खालच्या कड्याच्या आत घट्ट बसवून चारी बाजूंनी गोंद.

इथेच सगळं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. लाकूड ओलं-कोरडं होताना लांबीत, म्हणजे उभ्या रेषेत, जवळजवळ हलत नाही. आडव्या रेषेत ते फुगतं आणि आकसतं. त्यातही फळी कशी चिरली आहे यावर फरक पडतो. वार्षिक वलयांच्या वळणासोबत होणारी हालचाल ही वलयांना छेद देऊन जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असते. सागवान तसं गुणी लाकूड, कमी हलणारं. तरी 16 टक्क्यांवरून 8 वर आलेली 150 मिमीची चकती आडव्या रेषेत दोन मिलिमीटरच्या आसपास आकसते, उभ्या रेषेत नाहीच. गोल चकती लंबगोल होऊ बघते.

आता तिच्याभोवतीचं कडं बघा. कड्यातल्या प्रत्येक तुकड्याची उभी रेषा परिघाच्या दिशेनं धावते. म्हणजे परिघात लाकूड लांबीत उभं आहे, आणि लांबीत ते हलत नाही. कड्याचा घेर श्रावणात जेवढा, शिमग्यात तेवढाच. न हलणाऱ्या कड्यात हलणारी चकती तुम्ही गोंदानं डांबली. उन्हाळ्यात ती आकसणार, कडं तिला सोडणार नाही, गोंद तर त्याहून सोडणार नाही. मग सगळ्यात कमजोर जागा सुटते: चकती स्वतःच्या रेषेत चिरते. पावसाळ्यात ती फुगणार, कड्याला आतून ढकलणार, आणि कडं सांध्यांवर उघडणार. समोरासमोरच्या दोनच ठिकाणी का, तर फुगणं एकाच दिशेला असतं म्हणून. तुमच्या भांड्यात उघडलेले सांधे बघा आणि चकतीची रेषा बघा. सांधे त्या रेषेच्या दोन टोकांना असतील तर निदान झालं.

आणि होळीला चिरेत भरलेला गोंद-भुसा? तो म्हणजे आकसलेल्या चकतीत ठोकलेली पाचर. पावसाळ्यात चकती मूळ मापाला परत येते, पण आता मध्ये दोन मिमीचा पाहुणा बसलाय. जागा नाही. माझी दोन भांडी अशी मीच फोडली, दुरुस्ती समजून.

मामांच्या पेटीत एक जुनी पट्टी होती, दिसायला नेहमीसारखी, पण तिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा. ओतलेलं लोखंड थंड होताना जवळपास एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, त्यासाठी ही पट्टी. वस्तू आकसणार हे धरूनच ज्याची पट्टी आखलेली असते, त्याला माझं बूड बघून हसू येणारच.

आता तुमचं दुखणं खरंच हेच आहे का, की कड्याचं आहे, ते तपासून घ्या. चूक कड्यात असेल तर ती गोंद लावायच्या आधीच दिसते, फक्त आपण घाईत असतो.

बारा तुकड्यांच्या कड्याला प्रत्येक टोकाचा काप 15 अंशाचा. सूत्र सोपं: 180 भागिले तुकड्यांची संख्या. सोळाला सव्वाअकरा, चोवीसला साडेसात. चूक होते ती गुणाकारात. बारा तुकड्यांना चोवीस काप. दर कापाला दशांश अंश चुकला, जो साध्या कोनमापकावर दिसतसुद्धा नाही, तर शेवटी 2.4 अंशांची फट उरते. 200 मिमीच्या कड्याला बाहेरच्या कडेवर ती चार मिलिमीटर भरते. क्लिप आवळून ती मिटेल. लाकूड मऊ, गोंद भरपूर, मिटतेच. पण त्या सांध्यात कायमचा ताण कोंडलेला राहतो आणि पहिल्या ऋतुबदलाला तो बाहेर येतो. म्हणून सगळे तुकडे कोरडेच, गोंदाशिवाय, रबरात लावून उजेडासमोर धरा. बाहेरून फट आणि आतून घट्ट, म्हणजे कोन कमी पडलाय. बाहेरून घट्ट आणि आतून उजेड, म्हणजे कोन जास्त झालाय. वरून घट्ट आणि खालून फट, म्हणजे करवतीचं पातं टेबलाला काटकोनात नाही, गुण्या लावा. एकाच सांध्यात फट, बाकी सगळे साफ, तर त्या तुकड्याच्या टोकाला भुश्याचा कण चिकटला होता किंवा कापताना तो हलला.

कोन साधायची माझी रीत अशी. स्लेजवर, म्हणजे करवतीच्या टेबलावर सरकणाऱ्या फळीवर, दोन पट्ट्या लावायच्या, दोन्ही मिळून बरोबर 30 अंशांच्या पाचरीभोवती बसवलेल्या. फळी एका पट्टीला टेकवून एक काप, दुसरीला टेकवून पुढचा. यात पाचर खरी असली की पुरे. पातं स्लेजला अगदी मध्यात नसेल तर एका टोकाचा कोन थोडा जास्त होतो आणि दुसऱ्याचा तेवढाच कमी, बेरीज 30 च राहते. पाचर एकदाच मन लावून करा, बारा पाचरी कापून गोल मांडून बघा, आणि ती खिळ्याला टांगून ठेवा. मुलांच्या हाती लागू देऊ नका. माझी एक पाचर दाराखाली सापडली होती.

तरीही केसाएवढं काही उरतंच. त्यावर अर्धं-अर्धं कडं हा उपाय आहे. सहा तुकडे एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला जोडायचे, दोन अर्ध्यांच्या मध्ये गोंदाऐवजी दोन-दोन काड्या ठेवायच्या, आणि बाहेरून पाण्याच्या पाइपाची जुबिली क्लिप आवळायची. सुकल्यावर प्रत्येक अर्ध्याची दोन टोकं एकाच सपाट डिस्कवर घासून एका रेषेत आणायची, मग दोन अर्धे जोडायचे. सगळी शिल्लक चूक तिथे जाते. पण ती कागदाच्या जाडीएवढी असेल तरच. दोन-तीन मिमी घासावं लागत असेल तर ते कडं चुलीत घाला आणि पाचर परत तपासा. जास्त घासलं की कडं गोल राहत नाही आणि वरच्या कड्याशी सांधे जुळत नाहीत.

सागवानाला आणखी एक खोड आहे. त्याच्या तेलामुळे जुन्या कापावर गोंद नीट धरत नाही. तुकडे आज कापून रविवारी जोडू असं करू नका. जोडायच्या दहा मिनिटं आधी टोकांवरून थिनर किंवा अ‍ॅसिटोनचं फडकं फिरवा. आणि 15 अंशाचा काप म्हणजे जवळजवळ लाकडाचं टोकच. तिथल्या नळ्या गोंद पिऊन टाकतात. आधी एक पातळ हात, पाचेक मिनिटं थांबून दुसरा, मग जोड. क्लिप पिळून पिळून आवळली तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांध्यात कोरडं लाकूड उरतं. बारीक मणी बाहेर आले की पुरे.

आता कड्याच्या रुंदीबद्दल, कारण बुडाचं निस्तरलं तरी काहींचे काठ उघडतात. कडं परिघात हलत नसलं तरी रुंदीत, म्हणजे आतून बाहेर, ते आडव्या रेषेतच आहे. तुकडा रुंदीत आकसला की लांबी तीच, रुंदी कमी, म्हणून त्याचा कोन वाढतो. बाराही तुकड्यांचा कोन वाढला की बाहेरून घट्ट आणि आतून उघडायला बघतात. फोटोच्या लाकडी फ्रेमचे कोपरे उन्हाळ्यात आतून उघडतात ते याच कारणानं. 20 मिमी रुंदीचं कडं रुंदीत तीन टक्के आकसलं तर दर सांध्याला आतून सुमारे 0.3 मिमीची फट पडू बघते. तेच कडं कातून 6 मिमी भिंत ठेवली तर फट 0.1 च्याही खाली, तेवढं गोंद सोसतो. म्हणून बारीक भिंतीची भांडी टिकतात आणि दणकट दिसावं म्हणून जाड ठेवलेली फुटतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला अन्याय झाल्यासारखं वाटलं. चोवीस तुकड्यांत तीच हालचाल जास्त सांध्यांत वाटली जाते, म्हणून मोठ्या व्यासाला तुकडे वाढवा.

तर आता मुळापासून, पुन्हा न फुटणारं भांडं कसं करायचं ते.

आधी आलेखाच्या कागदावर खऱ्या मापात उभा छेद काढा. कड्यांच्या जाडीएवढ्या आडव्या रेघा मारा. प्रत्येक कड्याला आत-बाहेर तीन-तीन मिमी कातायला सोडा. तुकड्याची बाहेरची लांबी म्हणजे कड्याचा बाहेरचा व्यास गुणिले 0.268, बारा तुकड्यांसाठी. सोळाला 0.199, चोवीसला 0.132. 206 मिमीचं कडं बारा तुकड्यांत हवं असेल तर तुकडा 55 मिमीचा. लाकूड मोजताना दर कापाला पात्याचे तीन मिमी धरायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि अकरा तुकडे झाले. तेरा झाले असते तर निदान एक उरला असता.

रंगासाठी लाकडं मिसळायची तर गडद शिसव आणि फिकट शिवण ही जोडी मला आवडते. शिवण फार हलत नाही आणि सागाशेजारी उठून दिसतं. शिसवाचा भुसा नाकात जाऊ देऊ नका, अनेकांना त्याची खाज येते.

मग लाकूड वाळवणं, आणि इथे माझ्या मते निम्मं यश आहे. ओलाव्याचा मीटर असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, घरच्यांना विचारून. प्रत्येक फळीचा एक तुकडा निवडा, त्यावर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा, दर रविवारी मोजा. माझ्या एका सागवानी तुकड्याच्या अंगावर अजून ओळी आहेत: 12 जुलै, 214 ग्रॅम. खाली बारीक अक्षरात 211, 207, 204. शेवटची मार्चमधली, 199. हे पंधरा ग्रॅम म्हणजे पाणी होतं, आणि असंच पाणी पोटात घेऊन माझी चार भांडी अथणीला गेली होती. पावसाळ्यातच काम करायचं असेल तर जुन्या कपाटात एक बल्ब लावून ठेवा, वर-खाली हवेला भोकं, फळ्यांमध्ये काड्या. दोन रविवार वजन हललं नाही की लाकूड तयार. तयार झालेलं लाकूड परत पडवीत आठवडाभर टाकलंत तर केलेलं पाण्यात, अक्षरशः.

कडी सपाट करायला काचेवर 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. कड्याच्या तोंडावर पेन्सिलीनं आडव्यातिडव्या रेघा मारा आणि गोल फिरवत घासा. सगळ्या रेघा एकदम गेल्या तर तोंड सपाट, एका बाजूच्या राहिल्या तर तिथं खड्डा. वरचं कडं ठेवताना सांधे अर्ध्या तुकड्यानं सरकवा, गवंडी विटा रचतो तसे.

आता बूड. तीन वाटा आहेत. चकती 75 मिमीपेक्षा लहान ठेवली तर गोंदानं डांबली तरी सहसा चालते. कुंकवाच्या डब्याचं रहस्य एवढंच. दुसरी वाट, पातळ प्लायवूडची चकती. तिचे थर आडवे-उभे असल्यानं ती फारशी हलत नाही. पण कडेला थर दिसतात आणि हातानं केलेल्या भांड्याला प्लाय म्हटलं की लोक नाक मुरडतात. तिसरी वाट मी घेतो: तरंगतं बूड.

आपल्या जुन्या घरांच्या दारात चौकटीच्या खाचेत फळी बसवलेली असते. कुठल्याही जुन्या सुतारानं तिला कधी गोंद लावला नाही. ती खाचेत सुटी असते, उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, चौकटीला पत्ता नसतो. रोज त्या दारातून ये-जा करूनही मला ते सुचलं नाही.

भांडं आधी बुडाविना कातायचं. खालचं कडं फेसप्लेटवरच्या (लेथवर काम धरणाऱ्या लोखंडी ताटलीवरच्या) ठोकळ्याला चिकटवताना मध्ये जुन्या तरुण भारतचं पान घालायचं, दोन्ही बाजूंना गोंद. नंतर पटाशीची धार कागदावर ठेवून हलकी थाप दिली की कागद मधोमध फाटतो आणि लाकूड सुटतं. आतून-बाहेरून कातून झालं की भांडं पालथं करायचं. तोंडाच्या मापाची खाच कापलेल्या दुसऱ्या ठोकळ्यावर ते बसवायचं आणि खालच्या कड्यात आतल्या बाजूनं पायरी कापायची, पाच मिमी रुंद, साडेसहा मिमी खोल. चकती सहा मिमी जाड. लाकूड कोरडं असताना करताय तर चकती पायरीपेक्षा व्यासात दोन मिमी लहान, फुगायला जागा. पावसाळ्यात करताय तर जवळजवळ भिडती, कारण आता ती आकसणारच आहे, आणि पाच मिमीची पायरी तिला पडू देणार नाही. चकतीला बसवायच्या आधीच दोन्ही बाजूंना आणि कडेला पॉलिश करा, नाहीतर उन्हाळ्यात आकसल्यावर काठाला कोऱ्या लाकडाची पांढरी चंद्रकोर दिसते. कडेला मेण चोळा, चुकून गोंद ओघळला तरी धरणार नाही. मग खालून आणखी एक बारीक कडं चिकटवायचं, जे चकतीला पायरीत अडकवून ठेवेल. तेच भांड्याची बैठक होतं. गोंद फक्त कडं ते कडं. या एका वाक्यात चुकलात तर सगळं मुसळ केरात.

कातताना वेगाची घाई नको. व्यास इंचात आणि फेऱ्या मिनिटाला, यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांत ठेवायचा असा जुना ठोकताळा आहे. आठ इंची भांड्याला साडेसातशे ते अकराशे. जोडकामात सुरुवात त्याहूनही खालून करा, चेहऱ्यावर पूर्ण काच घ्या आणि लेथ चालू करताना कड्याच्या रेषेत उभे राहू नका. सांध्यात दडलेली फट तिथं कळते, आणि ती वाईट पद्धतीनं कळते. शेवटचा चपडा आतून आणि बाहेरून सारखाच मारा. नुसतं बाहेरून चमकवलं तर भांडं एका बाजूनं श्वास घेतं आणि वाकडं होतं. गोंद सुकल्यावर दोनेक दिवस तरी शेवटची घासणी करू नका. सांध्याजवळचं लाकूड गोंदातलं पाणी पिऊन फुगलेलं असतं, आत्ता सपाट केलंत तर महिन्यानं तिथं हाताला लागणारा खड्डा पडतो.

आधीच चिरलेलं भांडं घरात असेल तर? चीर भरू नका. भांडं पालथं बसवून जुनी चकती पूर्ण कातून काढा, पायरी कापा, नवी सुटी चकती घाला. कड्याचे सांधे उघडले असतील तर ते याच्या आधी, कोरड्या महिन्यात, चकती काढल्यावरच जोडा. चकती आत असताना जोडाल तर ती परत ढकलणार. माझ्या फुटक्या सहापैकी चार अशी वाचली. दोनांत मी आधीच इतका भुसा-गोंद कोंबला होता की कातताना कडंच सुटलं.

वाचलेल्यांतली दोन गेल्या दिवाळीला अथणीला परत गेली. होळीला फोन आला. "अण्णा, फुटलं नाही बघ. पण उचललं की बूड खुळखुळतंय की रे."

खुळखुळणारच, आकसलंय. चकतीच्या कडेला आतून दोन ठिकाणी मेणाचा बारीक ठिपका दाबायला सांगितलं, समोरासमोर, रेषेच्या टोकांना, कारण त्या दिशेला ती हलत नाही. गोंद लावू नकोस म्हणून तीनदा बजावलं. आता भाऊजींनी काय लावलंय ते गणपतीत गेलो की बघेन.